ओल्या वाळूचं वजन

काट्यावर ट्रक चढला की तो आकडा मागाहून बघे. आधी खिडकीतून मान बाहेर काढून ट्रकच्या मागच्या फळीखाली नजर टाकी. फटीतून थेंब गळताना दिसले की हात हलवून सांगे, "बाजूला लाव. निथळू दे."

"अहो काटेसाहेब, ऊन केवढं आहे! दोन तास इथे भाजत बसू का?"

"तीन बस. पाण्याचं वजन मी लिहीत नाही."

बावीस वर्षं तो त्या वजनकाट्यावर बसत होता. काचेची खोली, एक टेबल, पावत्या छापणारं यंत्र, आणि बाहेर जमिनीच्या पातळीत बसवलेला भला मोठा लोखंडी पत्रा. ट्रक रिकामा असताना एकदा तोलायचा, भरल्यावर एकदा. दोहोंतला फरक तो माल. काम एवढंच, पण माणसाची अक्कल त्यात किती वाटा काढते! कुणी केबिनमध्ये चार धट्टेकट्टे गडी दडवून आणी, कुणी वाळूवर पाण्याचा पाइप सोडून ठेवी, म्हणजे कोरड्या वाळूबरोबर दोन टन पाणीही वाळूच्याच नावाने खपून जाई. त्याने सगळे पकडले. ड्रायव्हर लोक त्याला शिव्या घालत आणि त्याच तोंडाने दुसऱ्या ड्रायव्हरला सांगत, "त्या काट्यावर लबाडी नको. तिथे बसलेला माणूस थेंब ओळखतो."

अशा माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच बाथरूमच्या काट्याने तीन महिने फसवलं.

झालं असं. त्याची धाकटी बहीण त्याच्याकडे राहत होती. त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. लहानपणी ताटातला घास चिमटी-चिमटीने खायची म्हणून घरात तिचं नाव चिमटी पडलं, ते पंचेचाळीस वर्षांची झाली तरी तसंच राहिलं. चिमटीचं ताट कधी संपत नसे. उरलेलं ती हळूच दादाच्या ताटात सरकवी, आणि दादा काही न बोलता खाऊन टाकी. त्याचं पोट एवढं का सुटलं याचं उत्तर त्याच्या बायकोकडे तयार असे. "दोघांचं जेवण एकाच पोटात गेलं, आणखी काय व्हायचं!"

नवरा वारल्यावर चिमटी भावाकडे आली. वहिनी लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलावर कामाला होती, सकाळी साडेसहाला घराबाहेर पडे. मागचं घर चिमटी सांभाळी. कोपऱ्यावरच्या प्रार्थनागृहात आठवड्यातून एकदा गाऊन प्रवचन व्हायचं, तिथे ती दुसऱ्या रांगेत बसे आणि पालुपद आलं की तिचा आवाज सगळ्यांच्या वर जाई. प्रवचन सांगणारे हसून तिच्याकडे हात करत, जणू म्हणत, घ्या ताई, आता तुमची पाळी.

मग तिचे डोळे पिवळे झाले. पाय सुजले, पोटात पाणी धरू लागलं. मोठ्या हॉस्पिटलच्या सर्जनने दोघा भावंडांना समोर बसवून सांगितलं, की हिचं लिव्हर आता कामातून गेलं आहे, औषधांनी फक्त दिवस ढकलता येतील. दुसऱ्या कुणाच्या लिव्हरचा तुकडा लावला तर ती जगेल. तपासण्या झाल्या. जुळलं ते एकट्या दादाचंच.

"मग घ्या," तो म्हणाला. शर्टाची बाही वर करायला लागला, जसं काही रक्तच काढायचं आहे.

सर्जनने त्याला थांबवलं. "तुमचं लिव्हर चरबीने भरलंय. आज ते तुम्हाला जेमतेम पुरतंय. त्यातलं निम्मं मी काढलं तर तुम्हीही जाल आणि त्याही. अकरा किलो उतरवा. चरबी उतरली की मी एक दिवस थांबणार नाही."

"किती दिवसांत?"

"तीन महिने मिळतील असं धरून चालू. चौथ्याचं मला विचारू नका."

शहाण्णव किलोंवरून पंच्याऐंशी. तीन महिन्यांत. बहिणीचा जीव त्याच्या पोटाच्या घेरात अडकला होता, हे इतकं साधं आणि इतकं लाजिरवाणं होतं की घरी येताना दोघंही बसमध्ये एकमेकांकडे बघेनात. शेवटी चिमटीच म्हणाली, "दादा, माझं उरलेलं मी तुला खायला घातलं, ते सगळं आता परत मागतेय बघ."

तो हसला. हसता हसता त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं.

*

पहिले नऊ दिवस त्याने आपल्या स्वभावाप्रमाणे काढले. कुणीतरी सांगितलं होतं की दिवसाचे सोळा तास पोट रिकामं ठेवायचं आणि उरलेल्या आठ तासांतच खायचं. त्याने सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हे तास ठरवले आणि मोबाइलमध्ये गजर लावला. दहाला एक मिनिट कमी असताना तो घासाला हात लावत नसे. सहा वाजता गजर वाजला की तोंडातला घास गिळून अर्धं ताट तसंच ठेवून उठे. नंतर दुपारची पाळी आली. रात्री साडेदहाला घरी पोचायचं आणि सहाच्या आत जेवायचं हे गणित बसेना. नवव्या दिवशी बायको स्वयंपाकघरात आली तेव्हा तो दिवा न लावता ओट्याशी उभा होता आणि पावाचा अख्खा लोफ संपलेला होता.

"सगळं मोडलं," तो म्हणाला. "आता काय उपयोग!"

बायकोने त्याला धरून हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्या बाई जाड भिंगांचा चष्मा घालत आणि बोलताना पेन्सिल कानावर ठेवत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही काटा चालवता ना?"

"हो."

"मग स्वतःलाच काटा समजू नका. काट्याला भूक लागत नाही." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. "सकाळची पाळी असेल त्या आठवड्यात दहा ते सहा. दुपारची असेल तर एक ते नऊ, जेवणाचा डबा कामावर न्या. आठ तास जमले नाहीत तर दहा धरा. एखादा दिवस मोडला तर मोडला. दुसऱ्या दिवशी दुप्पट उपाशी राहून स्वतःला शिक्षा द्यायची नाही. आठवड्यातले पाच दिवस नीट गेले तरी मी खूश. फक्त त्या तासांत जे खाल ते माणसासारखं खा, पावाचा लोफ नको."

"आणि माझ्या बहिणीने?"

"त्यांचं अगदी उलटं!" बाईंनी पेन्सिल टेबलावर आपटली. "त्यांनी पोट रिकामं ठेवायचंच नाही. झोपण्याआधी काहीतरी, डोळे उघडले की काहीतरी, आणि मध्ये दर दोन-तीन तासांनी. निरोगी माणसाचं शरीर पुढच्या जेवणापर्यंत पुरेल एवढं साठवून ठेवतं, त्यांच्या शरीराला ते जमत नाही. ते उपाशी राहिलं की स्वतःचंच मांस खायला लागतं. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. आणि त्याला खरंच कळलं होतं. घरी येऊन त्याने एक कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला दादा, उजव्या बाजूला चिमटी. डावीकडे पाळीप्रमाणे तास. उजवीकडे: सहा वाजता अंडं आणि दूध, नऊला पेज, साडेअकराला जेवण, दोनला केळं, पाचला सूप, आठला जेवण, झोपताना दूध-पाव. कागद फ्रीजवर चिकटवला.

चिमटी समोर उभी राहून दोन्ही रकाने वाचत राहिली. "वा! तू तिथे कोरडा आणि मी इथे राजकन्या."

"राजकन्येने गप गिळायचं."

*

सैल सोडल्यावर मात्र गाडी चालायला लागली. पहिल्या आठवड्यात दीड किलो. दुसऱ्यात किलोभर. एकदा काट्यावरच्या सहकाऱ्याच्या मुलीचं बारसं निघालं, तिथे तो जेवला, पोटभर जेवला, आणि दुसऱ्या दिवशी गुमान आपल्या तासांवर परत आला. बाईंनी शिकवलेली ही युक्ती त्याला मोठी नवलाची वाटे. बावीस वर्षांत त्याने एकाही ट्रकला दहा किलोंची सूट दिली नव्हती. स्वतःला देताना जीभ चावल्यासारखं व्हायचं, पण आकडा उतरत होता.

ड्रायव्हरांना त्याचा पत्ता लागायला वेळ लागला नाही. "काटेसाहेब, तुमचं रिकामं वजन कमी व्हायला लागलं!"

"माल उतरवतोय," तो म्हणे.

कठीण होती ती पहाट. सकाळच्या पाळीला तो सहाला उठे, सातला निघे. पहिला घास दहाला. आणि सहाला चिमटीचं अंडं तव्यावर पडे. तुपात तडतडणारं अंडं, कडेला कुरकुरीत झालेली जाळी, वर मिरपूड. स्वयंपाकघर एवढंसं, त्यात बायको कामावर नेण्यासाठी कपड्यांच्या घड्या घालत बसलेली, टेबलाशी चिमटी, आणि तो भिंतीशी गरम पाण्याचा पेला धरून. तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी त्याला घेरी आली. पेला ओट्यावर ठेवून तो म्हणाला, "चिमटे, मी निघून गेल्यावर खाल्लंस तर नाही का चालणार? वासाने जीव जातो गं माझा."

चिमटीचा हात ताटाशीच थांबला. "चालेल की," ती म्हणाली. "त्यात काय."

एवढंच. दोन वाक्यं. दुसऱ्या दिवसापासून सहाला तवा तापला नाही. तो निघताना ती दारात येऊन म्हणे, "गेलास की करते हं." जिन्यावर तो मनात म्हणे, माझ्या बहिणीसारखी समजूतदार बहीण नाही.

दर रविवारी सकाळी बाथरूमच्या दाराशी काटा काढला जाई. आधी तो. ब्याण्णव. नव्वद. मग चिमटी, भिंतीला धरून, लांब गाऊन सावरत. बावन्न. पुढच्या रविवारी बावन्न. त्याच्या पुढच्या रविवारी बावन्न. तो कॅलेंडरवर दोघांचे आकडे लिही आणि टाळी देण्यासाठी हात पुढे करी. "मी उतरतोय आणि तू तसूभर हलत नाहीस. असंच पाहिजे! हललीस तर बघ."

तिची टाळी हलकी पडे.

दोन महिने झाले तेव्हा एका संध्याकाळी बायको त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "तिचे हात बघितलेत?"

"काय झालं हातांना?"

"माझी बांगडी तिने सहज म्हणून घातली, ती कोपरापर्यंत गेली. गालफडं बसलीत. मागच्या आठवड्यात प्रार्थनागृहातून अर्ध्यातून परत आली, म्हणाली, बसवत नाही."

"आजारी आहे ती. आजारी माणूस टवटवीत दिसेल का?" तो जरा चिडून म्हणाला. "वजन बघ की. बावन्न. दोन महिन्यांत शंभर ग्रॅम इकडे-तिकडे नाही. हात बघून वजन सांगता आलं असतं तर मला पगार कशाला मिळाला असता?"

बायको ओट्याकडे वळली. तिला आकड्यांतलं कळत नाही असं तिचं स्वतःचंच मत होतं.

हॉस्पिटलच्या फेऱ्या होत होत्या. तिथले डॉक्टर विचारत, जेवण कसं आहे? चिमटी म्हणे, छान. सूज वाढलीये, पाणी जायच्या गोळ्या वाढवू, असं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे वळत. बाहेर पेशंटांची रांग असे.

*

अकराव्या आठवड्यात त्याचं वजन पंच्याऐंशी झालं. पँट दोरीने बांधावी लागत होती. त्या दिवशी तो कामावरून लवकर निघाला, जिन्याखाली शेजारीण कोंबड्यांना आत घेत होती. तळमजल्याच्या मागच्या चिंचोळ्या अंगणात तिने सहा कोंबड्या पाळल्या होत्या.

"या या," ती म्हणाली. "तुम्ही वाळताय आणि माझ्या कोंबड्या फुगताहेत. तुमच्या घरचं चांगलंच मानवलंय त्यांना!"

"आमच्या घरचं?"

"तुमची बहीण हो! रोज वरून पेज टाकते, केळं टाकते, कधी पाव टाकते. परवा उकडलेलं अंडं टाकलं. मी म्हटलं, अहो ताई, कोंबडीला अंडं घालता? तर हसली. म्हणाली, सांगू नका कुणाला." शेजारीण हसत होती. समोरच्या माणसाचा चेहरा बघून थांबली. "का हो? काय झालं?"

तो जिने चढला. अकरा किलो कमी झालेला माणूस पायऱ्या किती हलके चढतो! त्या हलकेपणाची त्याला त्या क्षणी किळस आली.

चिमटी पलंगावर उशीला टेकून बसली होती. तो समोर खुर्ची ओढून बसला.

"कोंबड्यांना काय घालतेस?"

तिने खिडकीकडे बघितलं. मग लहानपणी पकडली गेली की हसायची तशी हसली.

"किती दिवस?"

"तू म्हणालास ना, मी गेल्यावर खा. पहिल्या दिवशी तू गेल्यावर तवा ठेवला. पण जाईना, दादा. तू तिथे काचेच्या खोलीत माझ्यासाठी पोट आवळून बसलेला, आणि मी इथे एकटी बसून अंडं खाऊ? देवाला काय तोंड दाखवू? मग म्हटलं, दहाला खाऊ. तू खाशील तेव्हा मीही खाईन. तुझी पाळी दुपारची आली की एकला. तुम्हाला कळू नये म्हणून ताट इथे खोलीत आणायचं आणि खिडकीतून खाली टाकायचं. बाईंनी सांगितलंच होतं ना, पाळी बघून तास सरकवायचे, मोडले तर मोडले, सोसेल तसं करायचं."

"ते माझ्यासाठी होतं, चिमटे! तुझा रकाना वेगळा होता!"

"माहीत आहे." ती खाली बघत म्हणाली. "मी रोज धरून होते की वजन उतरलं तर लगेच खायला लागायचं. दर रविवारी भीत भीत काट्यावर चढायची. पण ते उतरलंच नाही रे. बावन्न ते बावन्न. मला वाटलं, माझं भागतंय. देवच भागवतोय."

त्याने तिच्या पायांवरचं पांघरूण बाजूला केलं. पोटऱ्या फुगलेल्या, कातडी ताणून चकचकीत झालेली. त्याने घोट्याच्या वर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. ओल्या वाळूत पाय उमटावा तसा.

तिने भावाकडे बघितलं. "काय आहे ते?"

त्याने पांघरूण परत घातलं. नीट, चारी बाजूंनी खोचून.

"पाणी," तो म्हणाला.

*

दोघांच्या तपासण्या एकाच दिवशी झाल्या. त्याचा कागद आधी आला. सर्जनने तो दोनदा वाचला आणि खुर्चीतून उठून त्याचा हात हातात घेतला. "शाबास. असं कुणी करत नाही हो. चरबी सात टक्क्यांवर आणलीत. अगदी घेण्यासारखं लिव्हर झालंय."

मग चिमटीचा कागद आला आणि सर्जन परत खुर्चीत बसला.

तिच्या पोटातून आठ लिटर पाणी काढलं होतं. पाण्याची भांडी कॉटखाली ओळीने ठेवलेली दादाने बघितली होती. पाणी काढल्यावर तिला काट्यावर उभं केलं. पायांत पाणी होतंच अजून. चव्वेचाळीस. मुठीत दाबायचं एक यंत्र तिला दिलं, किती जोर आहे ते बघायला. तिने ते दोन्ही हातांनी धरलं, सगळा जीव एकवटून दाबलं आणि नर्सला म्हणाली, "हललं का हो काही?"

"अंगावर मांसच राहिलेलं नाही," सर्जन म्हणाला. "छातीचे स्नायू गेलेत, श्वासाचे गेलेत. काढलेल्या पाण्यातही जंतू निघालेत. टेबलावर घेतलं तर मी त्यांना टेबलावरून उतरवू शकणार नाही."

"पण माझं तयार आहे, डॉक्टर."

"हो. तुमचं तयार आहे."

"अकरा किलो."

"हो."

"मग आता मी आणखी काय करू? सांगा. तुम्ही सांगाल ते करतो. आणखी पाच उतरवू का?"

सर्जनने टेबलावरचे दोन्ही कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या. "महिनाभर त्यांना खायला घाला. जे जाईल ते, जाईल तेव्हा. मग परत बघू." आणि बोलताना त्याने त्या कागदांवरून मान वर केली नाही, त्यावरून दादाला कळलं. खोटी पावती फाडताना माणूस कसा खाली बघतो हे त्याला चांगलं माहीत होतं.

बाहेर बाकावर बायको थांबली होती. तो तिच्याशेजारी बसला. मग म्हणाला, "मीच बोललो होतो तिला. अंड्याचा वास सहन होत नाही, मी गेल्यावर खा म्हणून."

"माहीत आहे," बायको म्हणाली. "मी तिथेच घड्या घालत बसले होते. मला तेव्हाच वाटलं होतं, ही पोरगी एकटी कधी जेवली आहे का आयुष्यात! वाटलं आणि घड्या घालून निघाले. साडेसहा होत आले होते."

ती त्याच्याकडे बघत नव्हती. पण तिने आपला हात त्याच्या सैल झालेल्या पँटवर ठेवला आणि दोरीची सुटलेली गाठ, कुणाला दिसू नये अशी, घट्ट केली.

*

आता तो कामावर जात नाही, रजेवर आहे. बदली माणूस काट्यावर बसतो. ड्रायव्हर सांगतात, चांगला आहे, कुणाला थांबवत नाही.

फ्रीजवरचा कागद तसाच आहे. बायको काढायला निघाली होती, चिमटीने काढू दिला नाही. म्हणाली, दादाचं अक्षर चांगलं आलंय त्यात.

सकाळी सहाला तवा तापतो. तो दोन अंडी फोडतो, एका ताटात दोन्ही घेतो आणि पलंगाशी खुर्ची ओढतो. तिला उशीला टेकवून बसवायला आता त्याचा एक हात पुरतो. तिचं वजन तो कॅलेंडरवर लिहीत नाही. उचलताना त्याला कळतंच, आणि आता त्याचा अंदाज चुकत नाही.

"किती वाजले?" ती विचारते.

"सहा."

"तुझे तास दहाला ना रे?"

"आता सहाला. बाई म्हणाल्या, सोसेल तसे सरकवायचे."

"घे मग आधी तू."

तो घास घेतो. गरम, तुपकट, मिरपूड लागलेला. ज्या वासाने तेव्हा त्याचा जीव जात होता तो वास खोलीभर आहे. तो चावतो, गिळतो, तोंड उघडून दाखवतो, लहान मुलाला दाखवावं तसं. मग ती नखाएवढा तुकडा तोडते. चिमटीतच धरते. तोंडात ठेवते आणि बराच वेळ तसाच ठेवते.

"छान झालंय," ती म्हणते.

आणखी एक तुकडा. मग एक दुधाचा घोट. मग बोटं थांबतात. रस्त्याकडून कोपऱ्यावरच्या प्रार्थनागृहातल्या सकाळच्या गाण्याचा आवाज येतो, ती ओठ हलवून पालुपद धरायला बघते. दोन शब्दांवर श्वास संपतो. तिसरा शब्द दादा म्हणतो, चौथाही. त्याला सुराचं काही अंग नाही.

"अरे देवा," चिमटी डोळे मिटून म्हणते. "बेसूर आहेस रे किती. वर बसून ऐकणारा पळून जाईल."

"मग तू म्हण."

"उद्या."

ती ताटातलं उरलेलं हळूच त्याच्या बाजूला सरकवते. दीड अंडं, पावाची कड, दुधाचा अर्धा पेला. खाली अंगणात शेजारणीच्या कोंबड्या वर माना करून खिडकीकडे बघत फिरताहेत. तो ताट जवळ ओढतो आणि काही न बोलता सगळं खाऊन टाकतो.